आपत्तीचं घड्याळ : भूकंप, वादळ, पूर यांवर बँडसाठी रचना लिहिताना

फुंकवाद्यं आणि तालवाद्यं यांच्या मोठ्या बँडसाठी नैसर्गिक आपत्तीवर काही लिहायचं ठरलं, की पहिला मोह आवाजाचा होतो. समोर चाळीस-पन्नास वादक असतात, बास ड्रम असतो, टॅमटॅम (टांगलेली मोठी धातूची थाळी) असतो, ट्रॉम्बोनची रांग असते. मग रचना ठरलेल्या वाटेनं जाते. आधी बासरीची शांत सुरावट, मध्ये तीन मिनिटं गडगडाट, शेवटी प्रार्थनेसारखी धून. पुरावरची माझी पहिली रचना याच वाटेनं गेली होती. एका तालमीनंतर क्लॅरिनेट वाजवणारी एक मुलगी थांबली. तिनं लहानपणी पूर पाहिला होता. तिनं सांगितलं की पाणी घरात आलं तेव्हा आवाज असा काही झालाच नव्हता. रात्री खाटेवरून पाय खाली ठेवला आणि तो ओला झाला, तेव्हा कळलं.

ती रचना मी बाजूला ठेवली. तेव्हापासून मी आवाजाआधी वेळ शोधतो. प्रत्येक आपत्तीचं स्वतःचं घड्याळ असतं. काय आधी येतं, किती अंतरानं, किती वेळ टिकतं, ओसरायला किती लागतं, हे सगळं त्यात असतं. रचनेचा आराखडा त्या घड्याळातून निघाला तर गडगडाट मोजकाच लागतो आणि जिथे असतो तिथे लागू पडतो. पुढे जे लिहितो आहे ते याच पद्धतीनं.

पहिलं काम : कोणाबद्दल लिहिता आहात ते ठरवा

दोन वाटा आहेत. एक म्हणजे आपत्तीचा प्रकार : 'भूकंप', 'चक्रीवादळ'. दुसरी म्हणजे तारीख-ठिकाण असलेली खरी घटना. दुसऱ्या वाटेवर जबाबदारी जास्त आहे, कारण त्या घटनेत गेलेल्यांची माणसं श्रोत्यांत बसलेली असू शकतात. २६ डिसेंबर २००४ च्या हिंदी महासागरातल्या त्सुनामीत दोन लाखांहून अधिक माणसं गेली. त्यावर लिहिताना किंकाळ्या, रडणं, मदतीच्या हाका यांची नक्कल वाद्यांवर करू नका, असं मी ठामपणे सांगेन. निसर्गाची हालचाल वाद्यांवर दाखवता येते. माणसाचं दुःख वाजवून दाखवायला गेलं की ते दुःख प्रयोगाचं साहित्य होऊन बसतं.

घटना खरी असेल तर शीर्षकात नाटकी शब्द टाळा. ठिकाण, तारीख किंवा वेळ एवढं पुरतं. त्या भागातली लोकधून वापरायची असेल तर ती कोणत्या प्रसंगी गायली जाते हे तिथल्या जाणत्या माणसाला विचारा. लग्नातलं गाणं शोकासाठी वापरलं गेलं तर ऐकणाऱ्याला ते लगेच टोचतं.

दुसरं काम : घड्याळ कागदावर मांडा

हे काम सगळ्यांत मोलाचं आहे. वाद्याला हात लावण्याआधी एक आडवी रेघ ओढा आणि त्या आपत्तीचा क्रम सेकंद, मिनिटं, तास यांत लिहून काढा. प्रत्येक प्रकारात एक तरी गोष्ट अशी निघते जी संगीतकाराच्या सवयीच्या उलट असते. तीच पकडायची.

त्सुनामी घ्या. खोल समुद्रात लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. ४,००० मीटर खोलीवर तो ताशी सुमारे ७०० किलोमीटर असतो. पण तिथे तिची उंची बहुधा मीटरभरही नसते, जहाजावरच्या माणसाला ती जाणवतही नाही. किनाऱ्याजवळ पाणी उथळ होतं, लाट मंदावते आणि मंदावत जाते तसतशी उंच होते. आपली सवय नेमकी उलटी आहे. ताण वाढवायचा म्हणजे लय वाढवायची, हे हातात बसलेलं असतं. इथे लय उतरत जायला हवी आणि आवाज चढत जायला हवा. सुरुवातीला बासऱ्या आणि क्लॅरिनेट अतिद्रुत पण अगदी हलक्या आवाजात, मग हळूहळू लांब होत जाणारे स्वर, एकेक वाद्य वाढत, आणि शेवटी सगळा बँड अतिविलंबित लयीत पूर्ण ताकदीनं. एकदा वाजवून पाहा. अशी चढण ऐकताना पाय जमिनीला खिळतात. शिवाय लाटा एकाहून अधिक असतात, त्यांच्यात काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत अंतर असतं आणि पहिलीच सर्वांत मोठी असते असं नाही. काही किनाऱ्यांवर लाटेआधी समुद्र मागे हटतो. ती जागा ऐकवण्यासाठी खर्जातली सगळी वाद्यं एकदम काढून घ्या.

चक्रीवादळाच्या मधोमध डोळा असतो, बहुधा ३० ते ६५ किलोमीटर व्यासाचा, आणि त्याच्या भोवतीच्या भिंतीत वारा सर्वांत जोराचा असतो. डोळा डोक्यावरून गेला की वारा परत येतो, तो उलट दिशेनं. म्हणजे आराखडा तयारच आहे : वादळ, थांबलेली हवा, मग तेच वादळ उलटं. पहिल्या भागातले झोत डावीकडच्या वादकांकडून उजवीकडे सरकवा, दुसऱ्या भागात उजवीकडून डावीकडे. सुरावटही शेवटाकडून सुरुवातीकडे वाजवता येते. पण श्रोत्याला ते ओळखू येत नाही, दिशा मात्र कानाला लगेच कळते. वेळ कमी असेल तर दिशेवर मेहनत घ्या.

पुराला असा एखादा क्षण नसतो. नदीची पातळी चढते त्या मानानं उतरायला बहुधा जास्त वेळ घेते. म्हणून चढणीला दोन मिनिटं दिली असतील तर उतरणीला तीन-चार द्या. हा उतार रटाळ होईल अशी भीती वाटते. पण पुराच्या रचनेचं खरं काम इथेच आहे : चिखल, भिंतीवरची ओल, वस्तू उन्हात ठेवणं. चढणीसाठी एकच छोटी आकृती सतत फिरवत ठेवा आणि दर आठ बारनंतर (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खंड) तिचा सर्वांत खालचा स्वर अर्ध्या स्वरानं वर सरकवा. बाकी काही बदलू नका.

ज्वालामुखीत मला नेहमी अंतर दिसतं. २७ ऑगस्ट १८८३ रोजी इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याचा आवाज हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्स बेटावर, सुमारे ४,८०० किलोमीटरवर, जवळपास चार तासांनी पोहोचला आणि तिथे तो दूरच्या तोफांसारखा वाटला. तिकडे छत्तीस हजारांहून अधिक माणसं गेली होती; इकडे कुणीतरी कान टवकारले. ही पूर्ण रचना होऊ शकते. रंगमंचावर साधं, दैनंदिन संगीत चालू आहे आणि सभागृहाच्या बंद दाराबाहेर ठेवलेला बास ड्रम चारदा, अगदी दबका वाजतो. मंचावरचे वादक थांबत नाहीत.

तिसरं काम : घड्याळाचे बार करा

भूकंपाचं उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. लय मिनिटाला ६० मात्रा आणि चार मात्रांचा बार ठेवू. म्हणजे एक मात्रा एक सेकंद आणि हिशेब सोपा.

भूकंपाच्या दोन लाटा आपल्या कामाच्या. पहिली, प्राथमिक लाट, पृथ्वीच्या कवचातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर वेगानं येते. दुसरी साधारण साडेतीन किलोमीटर वेगानं, आणि तीच जास्त हलवते. दोघींमधलं अंतर केंद्रापासून दर आठ किलोमीटरला साधारण एक सेकंद पडतं. तुमचं काल्पनिक गाव केंद्रापासून ८० किलोमीटरवर असेल, तर पहिल्या थरथरीनंतर खरा धक्का सुमारे १० सेकंदांनी येतो. या दहा मात्रा म्हणजे दोन बार चार मात्रांचे आणि एक दोन मात्रांचा. तो दोन मात्रांचा आखूड बार ठेवाच. ऐकणाऱ्याचं पाऊल त्याच्यावर चुकतं आणि त्याच क्षणी धक्का बसतो.

आराखडा असा : १ ते ३० बार नेहमीचं आयुष्य. ३१ ते ३३ पहिली थरथर. ३४ ते ४३ मुख्य धक्का, चाळीस सेकंद. ४४ ते ८० नंतरचं सगळं. एकूण ३१८ सेकंद, म्हणजे सव्वापाच मिनिटांच्या थोडं वर. धक्क्याला जेमतेम आठवा हिस्सा मिळाला आहे आणि 'नंतर'ला जवळपास निम्मी रचना. हे प्रमाण पाहून घाबरू नका.

त्या 'नंतर'ला भरायला ओमोरी मदत करतात. जपानी भूकंपशास्त्रज्ञ फुसाकिची ओमोरी यांनी १८९४ मध्ये दाखवलं की नंतरच्या धक्क्यांची वारंवारता काळाच्या साधारण व्यस्त प्रमाणात घटते. संगीतात त्याचा सोपा अर्थ असा, की धक्क्यांची जागा दुप्पट-दुप्पट होत लांब जाते. मुख्य धक्का संपल्यापासून मोजा : चौथा, आठवा, सोळावा, बत्तिसावा, चौसष्टावा आणि एकशे अठ्ठाविसावा सेकंद. आपल्या बारमध्ये हे ४५, ४६, ४८, ५२, ६० आणि ७६ या बारांच्या तोंडाशी येतात. नियम सरासरीचा आहे, म्हणून तिसरा आणि पाचवा धक्का एखादी-दुसरी मात्रा मागेपुढे सरकवा, नाहीतर वादकांसकट सगळे पुढचा धक्का कधी ते मोजायला लागतात.

आणखी एक बाब इथे फार उपयोगी पडते. नंतरचे धक्के ओळीनं लहान होत जात नाहीत. त्यांच्यातला सर्वांत मोठा मुख्य धक्क्यापेक्षा रिश्टरच्या भाषेत सरासरी १.२ नं कमी असतो, पण तो कधीही येऊ शकतो. म्हणून मी पाचव्या धक्क्याला सर्वांत मोठा करतो. साठाव्या बारपर्यंत श्रोते सैलावलेले असतात. चौथ्या आणि पाचव्यामध्ये बत्तीस सेकंदांची शांतता गेलेली असते. भूकंप भोगलेली माणसं सांगतात की घरात झोपायची भीती महिनोन्महिने जात नाही. ती भीती या जागी, एका धक्क्यात, कळते.

चौथं काम : एक धून, आणि तिची मोडतोड

पहिल्या तीस बारांसाठी धून लिहा. ती इतकी साधी हवी की दोनदा ऐकून गुणगुणता यावी. पाच-सहा स्वर, एका सप्तकाच्या आत, उड्या कमी. अवघड धून मोडली तर मोडली हे कळतच नाही.

मोडताना माझा अनुभव असा, की स्वर बेसूर करण्यापेक्षा ते काढून घेणं जास्त परिणाम करतं. धून परत येते, पण तिसरा स्वर नाही. त्याच्या जागी तेवढीच विश्रांती आहे. पुढच्या खेपेला तिसरा आणि पाचवा नाही. ऐकणारा मनात तो स्वर भरतो आणि तो आला नाही हे त्याला कळतं. पहिल्यांदा जी धून ओबोनं (एक लाकडी फुंकवाद्य) म्हटली ती नंतर ओबोला देऊ नका. ओबोवादक मंचावर बसलेला दिसायला हवा, वाद्य मांडीवर ठेवून. धून युफोनियमकडे (मऊ आवाजाचं, खालच्या स्वरांचं पितळी वाद्य) द्या, एक सप्तक खाली. आणि ती पूर्ण कधीच परत आणू नका. शेवटी पूर्ण धून आणायचा आग्रह वादकांकडूनही होतो. माझ्या मते ऐकू नये.

पाचवं काम : आवाज कुठून आणायचे

आता वाद्यांकडे. आधी एक बंधन स्वतःवर घाला : पहिल्या तेहतीस बारांत बास ड्रम, टॅमटॅम, मोठी झांज यांतलं काहीही वाजणार नाही. भूकंपाच्या मोजमापात एक अंक वाढला की कंपनाचा विस्तार दहापट आणि ऊर्जा सुमारे ३२ पट होते. बँडकडे एवढी पट्टी नाहीच. आपल्याकडे फक्त फरक आहे, आणि फरकासाठी आधी राखून ठेवावं लागतं.

पहिल्या थरथरीसाठी माझी सर्वांत आवडती युक्ती सांगतो. स्नेअर ड्रमखालच्या तारा एरवी वादक सैल करून ठेवतो, कारण शेजारच्या ट्युबानं (खर्जातलं सर्वांत मोठं पितळी वाद्य) त्या आपोआप झिरझिरतात आणि तालमीत सगळ्यांना वैताग येतो. इथे त्या मुद्दाम ताणलेल्या ठेवायला सांगा. ट्युबा हलक्या आवाजात खालचा स्वर धरेल आणि ड्रम कुणी हात न लावता थरथरू लागेल. कपाटातली भांडी पहिल्यांदा वाजतात ना, तसं. ड्रम ट्युबाच्या जवळ ठेवा आणि कोणत्या स्वराला तारा सर्वांत जास्त बोलतात ते तालमीत एकेक स्वर वाजवून शोधा. प्रत्येक ड्रमचा तो वेगळा निघतो.

मुख्य धक्क्याच्या पायात खर्जातले दोन शेजारचे स्वर ठेवा. एका ट्युबाला खालचा बी फ्लॅट, सुमारे ५८.३ हर्ट्झ, दुसऱ्याला त्याच्या लगतचा बी, सुमारे ६१.७ हर्ट्झ. सा आणि कोमल रे एकत्र धरल्यासारखंच, पण इतक्या खाली. दोन्हींच्या फरकामुळे सेकंदाला साडेतीनच्या आसपास ठोके पडतात आणि ते कानापेक्षा छातीला कळतात. हेच सप्तकभर वर लिहिलं तर ठोके सातच्या घरात जातात आणि नुसता खरखरीतपणा उरतो. तेव्हा खालीच राहा.

ट्रॉम्बोनची मींड सगळ्यांना हवी असते. पण घसरपट्टीच्या सात जागा असतात, म्हणून एका सलग मींडेत जास्तीत जास्त सहा अर्धस्वर मिळतात. सा पासून तीव्र मध्यमापर्यंत, त्यापुढे नाही. बी फ्लॅटवरून खाली ई पर्यंत जाते. त्याहून लांब लिहिलंत तर मध्ये तुटेल. टिंपनीची (नगाऱ्यासारखे, स्वरात लावलेले मोठे ड्रम) मींड पायपट्टीनं होते. घुमत्या वाजवणीबरोबर वर जाणारी चांगली ऐकू येते.

वाऱ्यासाठी वेगळं यंत्र नसलं तरी चालतं. पितळी वाद्यांत स्वर न काढता नुसती फुंकर घालायला सांगा. फुंकर घालताना 'हू'चा 'ही' केला की वारा वर चढतो. बासरीवाल्यांनी निम्मी हवा, निम्मा स्वर. पावसासाठी तळवे घासणं, मग चुटक्या, मग मांडीवर थाप असा क्रम बऱ्याच बँडना माहीत असतो. तो चालतो, पण इतका ओळखीचा झाला आहे की मी आता फक्त तळवे घासणं ठेवतो. बास ड्रमच्या कातड्यावर रबरी चेंडू लावलेली काडी दाबून ओढली तर कण्हल्यासारखा खोल आवाज निघतो. धरणीचा म्हणून यासारखा दुसरा आवाज मला सापडलेला नाही. टॅमटॅमवर मोठा घाव घालण्याआधी त्याला ऐकू न येईल असं हलकं चुचकारून जागं करावं लागतं, नाहीतर आवाज उशिरा फुलतो. हे पार्टमध्ये (प्रत्येक वादकाच्या स्वतंत्र प्रतीत) लिहा.

गोंधळासाठी प्रत्येकाचे स्वर वेगवेगळे लिहून काढायची गरज नाही. चौकटीत पाच स्वर द्या आणि खाली लिहा : आपापल्या लयीत, कोणत्याही क्रमानं, शेजाऱ्याशी न जुळवता, खूण होईपर्यंत. संचालकानं बोटांनी चौकटीचा क्रमांक दाखवायचा. नवशिक्या बँडलाही हे जमतं आणि ऐकायला ते मोजूनमापून लिहिलेल्या गोंधळापेक्षा खरं वाटतं.

मुख्य धक्का चाळीस सेकंद असला तरी पितळी वाद्यांना चाळीस सेकंद पूर्ण ताकदीनं लिहू नका. ओठ थकतात, आणि पुढच्या मंद भागात स्वर फाटायला लागतात. दोन गटांत वाटा, आळीपाळीनं श्वास घेऊ द्या.

स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र प्रत) आणि पार्ट यांचं थोडक्यात. काही वाद्यं लिहिलेल्या स्वराहून खाली वाजतात, म्हणून त्यांचे स्वर वर लिहावे लागतात. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट बी फ्लॅटमधले असतील तर सा-रे इतकं वर लिहा, फ्रेंच हॉर्न सा-प इतकं, आल्टो सॅक्सोफोन सा पासून शुद्ध धैवताइतकं. हे संगणक करतो, तरी छापण्याआधी एकदा डोळ्यांखालून घाला. चौकटींच्या सूचना प्रत्येक पार्टमध्ये पूर्ण लिहा, फक्त स्कोअरमध्ये नको.

सहावं काम : शांतता लिहा

चव्वेचाळिसावा बार रिकामा आहे. चार मात्रा. यावर थांबण्याची खूण ठेवून संचालकाच्या मर्जीवर सोडू नका. चार म्हणजे चार. त्रेचाळिसाव्या बारच्या शेवटी टॅमटॅम आणि झांजा हातानं दाबून बंद करायच्या, हे ठळक लिहा. घुमत राहिलेला टॅमटॅम ही शांतता भरून टाकतो आणि श्रोत्यांना सोडवतो. संचालकाचे हात वर, स्थिर. ट्युबा बंद, तरी स्नेअरच्या तारा क्षणभर झिरझिरतील. ती चूक नाही.

सातवं काम : तालीम

पहिल्या तालमीत वाजवण्याआधी विषय सांगा आणि कुणी असं काही भोगलं असेल तर बाजूला येऊन बोलायची, नको वाटलं तर न वाजवण्याची मुभा द्या. सगळ्यांसमोर विचारू नका. कार्यक्रमपत्रिकेतही दोन ओळी द्या, म्हणजे अचानक मोठा आवाज येणार हे श्रोत्यांना आधी कळेल.

कानांचा हिशेब ठेवा. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा एक रूढ निकष ८५ डेसिबलला आठ तास धरतो आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. मुख्य धक्का सलग वीस वेळा घोटू नका. निम्म्या आवाजात बसवा, पूर्ण ताकदीनं तालमीत एकदा. पितळी वाद्यांच्या पुढे बसणाऱ्यांना कानांचे बूच द्या.

सर्वांत जास्त वेळ ५२ ते ६० या बारांना लागेल, जिथे जवळजवळ काहीच नाही. वादक अशा जागी पानं उलटतात, नळीतली ओल काढतात, खुर्ची सरकवतात. तिथे स्थिर बसणं हाही पार्टचाच भाग आहे हे शिकवावं लागतं, आणि त्यासाठी ते बार मोजत, हात न हलवता, पुन्हा पुन्हा बसून पाहावे लागतात.

शेवट

शहात्तराव्या बारला सहावा धक्का, अगदी लहान : बास ड्रमवर बोटांच्या टोकांनी एक थाप आणि ट्युबाचा तो पहिलाच स्वर. तारा झिरझिरतात. त्यावर युफोनियम धुनेचे उरलेले तीन स्वर म्हणतो आणि थांबतो. ऐंशीव्या बारच्या शेवटच्या मात्रेवर स्नेअरवादक पहिल्यांदा उठतो आणि तारांचा खटका खाली पाडतो. हा खटका पार्टमध्ये स्वरासारखाच लिहा, मात्रेसह. सगळीकडे शांत असताना तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू जातो.